आठ सेकंदांचा स्वर

दिवाळी अंकात उदास गाण्यांविषयी लिहू नये असा काही संपादकीय दंडक असलाच, तर तो मला अद्याप कुणी कळवलेला नाही. तेव्हा मी लिहिणार आहे. सणाच्या ताटातही डाव्या हाताला लिंबाची फोड असतेच. फराळ शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्यांनी या लेखाची जागा तीच धरावी. आणि खरे सांगायचे तर लक्ष्मीपूजन आटोपले, पाहुणे गेले, फटाक्यांचा धूर खाली बसला आणि पणत्यांतले तेल संपत आले, म्हणजे घरात जी एक मुकी घटका येते, ती सर्वांच्याच परिचयाची आहे. तिला आपण नाव देत नाही, एवढेच.

मी ज्या गाण्यांविषयी लिहिणार आहे ती मात्र आपल्याकडची नव्हेत. ती 1969 साली लंडनमध्ये पाच तरुणांनी केली. त्यांच्या बँडचे नाव 'किंग क्रिम्सन', आणि त्यांच्या पहिल्याच अल्बमचे नाव 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग'. म्हणजे किरमिजी राजाच्या दरबारात. (आपला 'किरमिजी' आणि त्यांचा 'क्रिम्सन' हे एकाच अरबी शब्दाचे वंशज आहेत, हे कोशात सापडले तेव्हा मला उगीचच परदेशात कुणी आडनावबंधू भेटल्यासारखे वाटले.) बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल डगले येतात. हा त्यातला नव्हे. रॉक संगीतातले तीन मिनिटांचे नाचरे गाणे सोडून देऊन आठआठ, दहादहा मिनिटांच्या रचना करणारी, त्यांत बासरी, सॅक्सोफोन आणि व्हायोलिनांचे ताफे आणणारी एक शाखा त्या काळी विलायतेत फुटली. तिला पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' असे भारदस्त नाव पडले. हा अल्बम म्हणजे त्या शाखेच्या पहिल्या ठळक फळांपैकी एक.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते आणि पाश्चात्य संगीताचे ज्ञान त्याहूनही कमी. मग ही गाणी माझ्या वाट्याला आली कशी? ती आली निबंधाच्या वहीतून. दहावीच्या वर्गाला मी 'दिवाळीची सुट्टी' हा विषय दिला होता. (दरवर्षी देते, दुसरा विषय देण्याइतका उत्साह ऑक्टोबरात उरत नाही.) चाळीस वह्यांत किल्ले, करंज्या आणि मामाचे गाव. एकेचाळिसाव्या वहीत एका मुलाने लिहिले होते की, त्याला दिवाळीतली आवडती वेळ म्हणजे सगळे झोपल्यावरची. पणत्या एकेक करून विझताना पाहत तो ओट्यावर बसतो. त्याला तेव्हा वाईट वाटते, आणि ते वाईट वाटणे त्याला आवडते. पुढे एक वाक्य होते, ते मी वहीतून उतरवून घेतले आहे: "मोठी माणसे विचारतात, कशामुळे वाईट वाटते? म्हणजे दुःखी व्हायलाही तहसीलदाराचा दाखला लागतो."

वही शिक्षकांच्या खोलीत फिरली. कुणी हसले, कुणी काळजीत पडले. "या वयात कसले आले दुःख? दोन वेळा खायला आहे, बापाचे भांड्यांचे दुकान आहे," असे एक सर म्हणाले, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना असली थेरे वेळीच मोडली पाहिजेत, असा एकंदर सूर निघाला. "बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुमचे ऐकेल तो. जरा समजवा त्याला," अशी कामगिरी माझ्यावर आली.

मी त्याला बोलावले. आधी साधे प्रश्न विचारले: झोप लागते का, जेवण जाते का, घरी काही बिनसले आहे का. सततची उदासी हे कधीकधी दुखणेही असते आणि तेव्हा शिक्षकाचा नव्हे, डॉक्टरचा रस्ता धरायचा असतो, एवढे मला कळते. तो हसला. "बाई, मी आजारी नाही. मी नुसता तसा आहे." मग मी विचारले, त्या ओट्यावर बसून तू करतोस तरी काय? त्याने खिशातून फोन काढला, कानात घालायच्या वायरीची दोन्ही टोके माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हे ऐका. पण मधे बोलू नका."

ते होते 'एपिटाफ'. याच अल्बममधले तिसरे गाणे, जवळजवळ नऊ मिनिटांचे. एपिटाफ म्हणजे समाधीवरचा लेख. नगाऱ्याचा दबका गडगडाट, त्यावर चढत येणारा व्हायोलिनांचा एक पडदा, साधी गिटार, आणि मग एका पुरुषाचा भरदार, स्वच्छ, पण फार दुरून आल्यासारखा आवाज. शब्द मला नंतर कोश घेऊन लावावे लागले. माणसाचे ज्ञान वाढत चालले, पण ते सांभाळणारे हात शहाणे नाहीत. उद्या काय होईल याची भीती वाटते. असा त्याचा आशय. पण शब्द लागण्यापूर्वीच गाणे लागले होते. मी त्या मुलाला विचारले, गाणाऱ्याचे वय काय असेल रे? मला वाटले होते, पन्नाशीचा असावा.

"एकवीस," तो म्हणाला.

हा आकडा मला सोडीना. घरी येऊन मी जे वाचता येईल ते वाचले, आणि आकडे वाढत गेले. गाणारा ग्रेग लेक 1947 च्या नोव्हेंबरात जन्मलेला. ध्वनिमुद्रण झाले 1969 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा तो खरोखरच 21 वर्षांचा. गिटार वाजवणारा रॉबर्ट फ्रिप 23. बासरी, सॅक्सोफोन आणि पट्ट्यांची वाद्ये सांभाळणारा इयन मॅकडोनाल्ड 23. गीते लिहिणारा पीटर सिनफील्ड 25. हा गडी वाद्य वाजवत नसे, रंगमंचावरची दिवाबत्ती मात्र तोच बघे. ड्रम वाजवणारा मायकेल जाइल्स 27, म्हणजे कंपनीतला म्हातारा. ही पोरे 1969 च्या 13 जानेवारीला लंडनच्या एका कॅफेच्या तळघरात तालमीला जमली आणि 10 ऑक्टोबरला अल्बम दुकानांत होता. अवघे नऊ महिने. (या मुदतीवर बायकांनी करायचा तो विनोद मी गाळते.)

शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर यातला एकही 'हुशार विद्यार्थी' या सदरात बसणारा नाही. मॅकडोनाल्डने कोवळ्या वयात शाळा सोडली आणि तो फौजेच्या बँडमध्ये भरती झाला. पाच वर्षे तिथे कवायतीची गाणी वाजवता वाजवता त्याने संगीताचे शास्त्र पाठ केले. फ्रिप स्वतःविषयी सांगतो की, लहानपणी त्याला ना सुरांचे ज्ञान होते ना तालाचे. आणि डावखुरा असून तो गिटार उजव्या हाताने शिकला. दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावर बोर्नमथच्या बाजूला डॉन स्ट्राइक नावाचे एक गिटारचे मास्तर होते. फ्रिप आणि लेक हे दोघेही त्यांच्याच शिकवणीचे विद्यार्थी, म्हणजे गुरुबंधू. जगातल्या कुठल्याच संगीताच्या इतिहासात शिकवणीच्या मास्तरांवर प्रकरण नसते, म्हणून मी इथे त्यांना ही एक ओळ देते.

पण ज्या गोष्टीने मला धरून ठेवले ती माणसांची नव्हे, एका यंत्राची. 'एपिटाफ'मधला तो व्हायोलिनांचा पडदा मी म्हटला, तिथे व्हायोलिन वाजवणारा एकही माणूस हजर नव्हता. ते होते 'मेलोट्रॉन'. दिसायला आपल्या बाजाच्या पेटीचा श्रीमंत आजोबा. त्याला दोन जागी पस्तीस-पस्तीस पट्ट्या. आणि प्रत्येक पट्टीच्या मागे एक वेगळी चुंबकीय फीत. त्या फितीवर खऱ्या वादकांनी खऱ्या व्हायोलिनवर वाजवलेला एकच स्वर मुद्रित करून ठेवलेला. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि तो स्वर ऐकू येतो. बोट उचलले की स्प्रिंग तिला झटकन मागे ओढून घेते. मूळ कल्पना हॅरी चेंबरलिन या अमेरिकन माणसाची. त्याचाच एक विक्रेता दोन यंत्रे घेऊन इंग्लंडात आला, आणि बर्मिंगहॅमजवळच्या स्ट्रीटली गावी ब्रॅडली बंधूंनी 1960 नंतरच्या वर्षांत त्यावरून हे मेलोट्रॉन बनवायला घेतले. ते बनवले होते सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यासाठी. पाहुण्यांसमोर यजमानाने एका बोटाने अख्खा वाद्यवृंद वाजवून दाखवावा म्हणून. वादकांच्या युनियनला धास्ती पडली की, आता आमच्या पोटावर पाय येणार. आपल्याकडे आकाशवाणीने 1940 मध्ये बाजाच्या पेटीला दाराबाहेर काढले होते आणि 1971 पर्यंत तिला पुरते आत घेतले नव्हते, त्याची मला आठवण झाली. नव्या वाद्याला वनवास कुठेही चुकत नाही.

आता त्यातली खरी गंमत. ती फीत वर्तुळाकार नसते, सरळ असते. आणि तिची लांबी आठेक सेकंदांची. म्हणजे पट्टी तुम्ही कितीही जोर लावून दाबून धरा, आठ सेकंदांनी स्वर संपतो. एकदम तुटतो. त्यापूर्वी वाजवणाऱ्याने बोट उचलून दुसऱ्या स्वरावर गेलेच पाहिजे. तोवर पहिली फीत मागे जाऊन पुन्हा उभी राहते. शिवाय विजेचा दाब कमीजास्त झाला की स्वर हलतो, थरथरतो, किंचित उतरतो. तो थरथराट मला प्रथम कुणाच्या गळ्यातला हुंदका वाटला होता. तो हुंदका नव्हता, विजेचा दाब होता! पण हे कळल्यानंतरही ऐकताना तो हुंदकाच वाटतो, याला काय करावे?

विचार करा. कुण्या तीन व्हायोलिनवाल्यांना एका खोलीत बसवून, एकेक स्वर वेगवेगळा, आठ-आठ सेकंद वाजवून घेतला. त्यांना सांगितलेही नसेल की, हे कशासाठी. ना गाण्याची ओळ, ना मागचा स्वर, ना पुढचा. ते आपला मेहनताना घेऊन घरी गेले. आणि काही वर्षांनी मॅकडोनाल्डने ते सुटे, अनाथ स्वर बोटांखाली घेऊन त्यांतून असे काही बांधले की, पन्नास वर्षांनंतर आमच्या तालुक्याच्या गावातला एक मुलगा ओट्यावर बसून ते ऐकतो. दुःख कुणाचे? वाजवले त्यांचे, बांधले त्याचे, की ऐकले त्याचे? आमच्या सरांचा प्रश्न, 'या वयात कसले दुःख', तो मी या यंत्रापुढे ठेवून पाहिला. मला असे दिसले की, दुःख हे नेहमी स्वतःच्या दुकानातून आणलेले असतेच असे नाही. ते उसने घेता येते. अट एवढीच की बोट वेळेवर उचलून पुढच्या स्वरावर न्यायचे कष्ट घेतले पाहिजेत. नुसते दाबून धरले तर आठ सेकंदांत संपते.

आणि खरोखर उसने तरी का म्हणावे? फ्रिप आणि मॅकडोनाल्ड जन्मले 1946 साली. त्याआधीच्याच वर्षी हिरोशिमावर बाँब पडला होता. क्यूबावरून दोन महासत्ता एकमेकींवर अणुबाँब रोखून उभ्या राहिल्या त्या 1962 च्या ऑक्टोबरात लेक 14 वर्षांचा होता, फ्रिप 16. म्हणजे माझ्या वर्गातली मुले. त्या आठवड्यात 'उद्या आहे की नाही' हा प्रश्न त्यांच्यासाठी अलंकारिक नव्हता. अल्बमचे पहिले गाणे तर व्हिएतनामच्या युद्धावरच आहे: गिटार आणि सॅक्सोफोनचा कर्कश गदारोळ, मधे गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम विद्रूप केलेला. मी ते घरात लावले तेव्हा माजघरातून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मिक्सरमध्ये खडा गेलाय वाटतं." गाण्याचे नाव आहे एकविसाव्या शतकातला दुभंगलेला माणूस. ते 1969 साली पुढे बघून लिहिले होते. आता तो माणूस म्हणजे तुम्ही आणि मी.

या गदारोळाच्या पाठोपाठ लागलीच 'आय टॉक टु द विंड' हे बासरीचे गाणे येते. वाऱ्याशी बोलणाऱ्याचे गाणे. इतके हळुवार की आधीच्या गाण्याने कानात केलेली जखम त्याने पुसली जाते. अल्बमची बांधणी म्हणून मला ही जागा सर्वांत आवडते. मग 'एपिटाफ'. तबकडीची बाजू उलटली की 'मूनचाइल्ड'. हे सव्वाबारा मिनिटांचे. त्यात पहिली अडीच मिनिटे गाणे आहे आणि उरलेला वेळ गिटार, ड्रम आणि व्हायब्राफोन एकमेकांशी कुजबुजतात. कुजबुज म्हणजे किती? मधे दोनदा मी यंत्र बंद पडले म्हणून उठले. मला विचाराल तर ते लांबले आहे. आणि फ्रिप यांनाही तसे वाटले असावे, कारण 2009 मध्ये अल्बमची नवी आवृत्ती करताना त्यांनीच त्यातली काही मिनिटे कापली. आमच्या विद्यार्थ्याला ही कात्री मुळीच मान्य नाही. "बाई, विझायला तेवढा वेळ लागतोच," असे त्याचे म्हणणे.

शेवटचे गाणे अल्बमच्या नावाचे. त्यातल्या शब्दांवर माझी लाल पेन्सिल बरीच चालली असती. राजे, राण्या, विदूषक, जांभळे वाजंत्रीवाले, अशी सिनफील्डने प्रतिमांची एवढी गर्दी केली आहे की एखादा राजवाडा आवरायला काढलाय असे वाटते. नवशिक्या कवीला अलंकारांचा सोस असतोच, मग तो विलायतेतला असो की आमच्या नववी 'ब'मधला. पण त्यामागून मेलोट्रॉनची लाट उठते, चारपाच गळे शब्दांवाचून नुसता आकार लावतात, आणि मग त्या विदूषकांचे काही वाटत नाही. गाणे एका जागी थांबते, संपले असे वाटते. आणि जत्रेतल्या खेळण्याच्या पेटीसारखा एक बारीक सूर पुन्हा सुरू होऊन सगळे एकदा परत येते.

त्या उन्हाळ्यात ही मंडळी लोकांपुढे आली तीही एका मरणाच्या सावलीत. लंडनच्या हाइड पार्कमध्ये 5 जुलै 1969 ला 'रोलिंग स्टोन्स'चा मोफत कार्यक्रम होता. लाखो माणसे गवतावर बसली होती. 'स्टोन्स'चा जुना साथीदार ब्रायन जोन्स दोनच दिवसांपूर्वी पोहण्याच्या तलावात मरून पडला होता, वय 27. त्याच्यासाठी मिक जॅगरने शेलीच्या एका विलापिकेतला भाग वाचून दाखवला. ती शेलीने कीट्सच्या मृत्यूवर लिहिलेली. कीट्स गेला तेव्हा 25 वर्षांचा, लिहिणारा शेली 28 चा, आणि पुढल्याच वर्षी तोही समुद्रात बुडाला. या कार्यक्रमात आधी वाजवण्यासाठी ज्यांना बोलावले होते त्यांत किंग क्रिम्सन होते. पहिला जाहीर कार्यक्रम करून त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. त्यांनी त्या दुपारी 'एपिटाफ' म्हटले. लगेच त्याच महिन्यात ते स्टुडिओत गेले. एका अनुभवी निर्मात्याबरोबर थोडे काम करून पाहिले, जमेना. तेव्हा सगळा कारभार पोरांनी स्वतःच्याच हातात घेतला. ज्यांना अनुभव नाही त्यांनी अनुभवी माणसाला रजा द्यावी, हे माझ्यातल्या शिक्षिकेला रुचत नाही. पण निकाल त्यांच्या बाजूने लागला. अल्बम इंग्लंडच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला.

आणि वर्ष संपायच्या आत बँड मोडला. अमेरिकेच्या दौऱ्यात, डिसेंबरात, मॅकडोनाल्ड आणि जाइल्स यांनी सांगितले की आम्ही चाललो. फ्रिपने विनवले, हवे तर मी बाहेर पडतो, पण तुम्ही राहा. ते म्हणाले, हे आमच्यापेक्षा तुझेच अधिक आहे. थोड्याच महिन्यांत लेकही दुसऱ्या बँडसाठी निघून गेला. ज्या पाच जणांनी हे केले त्यांनी एकत्र असा दुसरा अल्बम कधी केलाच नाही. हा एकच आठ सेकंदांचा स्वर.

शाळेत मी हे सगळे सांगितले. "म्हणजे फॅशन हो," आमचे सर म्हणाले, "केस वाढवायचे, तसे दुःख वाढवायचे." यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण फॅशन माणसाबरोबर म्हातारी होत नाही. ती आधी मरते. फ्रिप यांनी पुढे निरनिराळे साथीदार घेऊन किंग क्रिम्सन अनेकदा मांडले आणि मोडले, आणि 2021 च्या डिसेंबरात टोकियोला त्याचा अखेरचा कार्यक्रम केला, तेव्हा ते 75 वर्षांचे होते. त्या शेवटच्या वर्षांतल्या दौऱ्यांत 'एपिटाफ' पुन्हा आले होते. तेविसाव्या वर्षी शिवलेला अंगरखा पंचाहत्तरीत अंगाला बसतो, तर तो शिवताना माप खोटे घेतले होते असे कसे म्हणावे? तोवर लेक गेला होता, 2016 मध्ये. मॅकडोनाल्ड 2022 मध्ये गेला आणि सिनफील्ड 2024 मध्ये.

सरांना मी आणखी एक आठवण दिली, आणि ती आपल्या घरची आहे. बालकवींची आनंदाची गाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून हातवारे करून म्हणवून घेत आलो. पण त्याच कवीने, कुठून येते ते कळत नाही अशा उदासीनतेवरही लिहिले आहे. आणि 1918 साली भादलीच्या स्टेशनाजवळ आगगाडीखाली ते गेले तेव्हा त्यांचे वय 27 होते. त्यांच्याकडे आपण दाखला मागितला नाही. सर म्हणाले, "ते बालकवी होते, बाई." मी म्हटले, ते आपल्याला आता ठाऊक आहे; त्यांच्या शाळेतल्या मास्तरांना काय ठाऊक होते? यावर घंटा झाली. घंटेने आमचे पुष्कळ वाद सोडवले आहेत.

मुलाला मी समजावले नाही. निबंधाला पंधरापैकी बारा गुण दिले. तीन शुद्धलेखनाचे कापले. तो दहावी झाला, आता शहरात आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करतो. (विजेचा दाब आणि हुंदका यांचा संबंध मी त्याला सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला होता. अभ्यासक्रमाची निवड त्यावरून झाली असे मी म्हणत नाही. वडिलांच्या ओळखीने झाली.) ओट्यावर बसतो का, असे मी विचारलेले नाही.

गेल्या खेपेस घरी आला तेव्हा त्याने मला या अल्बमच्या वेष्टणाची मोठी छपाई करून आणून दिली. या चित्राची गोष्ट सांगायची राहिली. बाहेरच्या बाजूला एक लालगुलाबी प्रचंड चेहरा आहे. जबडा पडजिभेपर्यंत फाटलेला, डोळे भयाने एका बाजूला वळलेले. मूळ वेष्टणावर बँडचे नाव नाही, अल्बमचे नाव नाही, काही नाही. नुसती ती किंकाळी. दुकानदारांनी ते कसे विकले असेल कोण जाणे. वेष्टण उघडले की आत दुसरा चेहरा, किरमिजी राजाचा. चंद्रासारखा गोल आणि चक्क हसरा. काढणारा होता बॅरी गॉडबर. सिनफील्डचा मित्र, संगणकाच्या कामावरचा तरुण. त्याने हे काढले, आणि अल्बम निघून चार महिने होतात तो 1970 च्या फेब्रुवारीत हृदयविकाराने तो गेला. चोविशीच्या आतबाहेर असेल. अल्बमचे वेष्टण असे त्याने हे एकच रंगवले. मूळ चित्र पुढे फ्रिप यांनी व्यवस्थापकांच्या कचेरीतून उचलून नेले. तिथे ते उजेडात टांगलेले होते आणि त्याचे रंग उडाले असते. त्याच चित्राविषयी त्यांनी एके ठिकाणी म्हटले आहे की, आतल्या राजाचे हसरे तोंड हाताने झाका आणि नुसते डोळे पाहा.

मी पाहिले. सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. मी माझी पट्टी राजाच्या तोंडावर आडवी धरली होती. त्यांनी चष्मा वर करून जरा वेळ निरखले आणि विचारले, "कोण गं हा? फार दमलेला दिसतोय."

मी म्हटले, "राजा आहे, आई."

"मग दमणारच," त्या म्हणाल्या, आणि वातीला पीळ देऊ लागल्या.